लॅन्सेट स्पिरिटने पुसून चालत नाही

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप समूहांमध्ये एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचे शीर्षक ‘प्रॅक्टिकलच्या नियमांचा बाऊ करू नका’ असे असते आणि खाली ‘एक अनुभवी डॉक्टर’ एवढीच सही असते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येकाला वेगळे लॅन्सेट (बोट टोचून रक्त काढण्याची छोटी सुई) देणे हा पैशांचा अपव्यय आहे, एका टेबलाला एक पुरते, ते स्पिरिटने पुसावे, चुकून दुसऱ्याचे टोचले तर सांगू नये, कारण इंटर्नलचे गुण कापले जातात, मृतदेह टिकवण्याच्या फॉर्मॅलिन या द्रावणाला नुसता वास असतो, अपाय नसतो, मुलांना अजूनही बेडूक मारायला लावतात, मृतदेहांचे विच्छेदन शिकवणाऱ्या डिसेक्शन हॉलमधील मोबाइलबंदी हा जुनाटपणा आहे, ॲपवर सगळे दिसत असताना हजेरीची सक्ती कशाला, आणि जर्नल, म्हणजे प्रयोगवही, ही निव्वळ नक्कल. यंदा हा मजकूर प्रथम वर्षाला प्रवेश मिळालेल्या माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने मला विचारले, “मावशी, स्पिरिटने पुसले की चालते ना?” मी फिजिओलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, शिकवते. हा प्रश्न मला माझ्याच घरातून ऐकावा लागला, म्हणून हे उत्तर.

हिमोग्लोबिन, लाल आणि पांढऱ्या पेशींची मोजणी, रक्तगट, रक्त गोठण्याचा काळ, या सर्व प्रयोगांसाठी विद्यार्थी स्वतःच्याच बोटाला टोचून रक्त काढतात. टोचण्यापूर्वी बोट स्पिरिटने पुसायचे आणि ते पूर्ण वाळू द्यायचे, अन्यथा थेंब नीट धरत नाही आणि पेशीही फुटतात, हे पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितले जाते. संदेश लिहिणाऱ्याने येथेच घोटाळा केला आहे. त्वचेवरील जंतू कमी करण्यासाठी असलेला स्पिरिटचा बोळा त्याने रक्त लागलेले टोकदार साधन निर्जंतुक करण्यासाठी सुचवला आहे. जे साधन त्वचा भेदून आत जाते ते निर्जंतुकच असावे लागते, आणि निर्जंतुक करणे म्हणजे पुसणे नव्हे. बोळ्यातील स्पिरिट काही सेकंदांत उडून जाते, आणि वाळलेल्या रक्ताच्या थराखाली विषाणू सुखरूप राहू शकतो. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरदेखील, निदान 7 दिवस संसर्गक्षम राहतो आणि त्याची बाधा होण्यास डोळ्यांना न दिसणारे रक्तही पुरते.

ज्यांना हे माझे मत वाटेल त्यांनी अमेरिकेतील एफडीए आणि सीडीसी या दोन सरकारी संस्थांनी ऑगस्ट 2010 मध्ये दिलेला इशारा वाचावा. बोट टोचण्याचे साधन एकाहून अधिक व्यक्तींसाठी कधीही वापरू नये, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. वृद्धांच्या निवासी केंद्रांमध्ये रक्तातील साखर तपासताना अशी साधने अनेकांमध्ये वापरली गेली आणि त्यातून हिपॅटायटिस-बी पसरला, हा त्या इशाऱ्यामागचा अनुभव होता. तेथे प्रश्न केवळ सुईचा नव्हता, सुई बसवण्याच्या पेनसारख्या साधनावर राहिलेले रक्तही धोक्याचे ठरते. आणि आपले अनुभवी डॉक्टर तर सुईच सामायिक करायला सांगत आहेत. इतक्या दूरचे उदाहरण नको असेल तर 2009 च्या आरंभी गुजरातमधील मोडासा परिसरात आलेली हिपॅटायटिस-बीची साथ आठवावी. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली आणि तिच्यात कित्येक माणसे दगावली.

“आम्ही वर्षानुवर्षे असेच केले, काही झाले नाही” हे संदेशातील वाक्य मला सर्वांत संतापजनक वाटते. काही झाले नाही हे यांना कसे कळले? प्रौढ वयात हिपॅटायटिस-बीची लागण झालेल्या अनेकांना काविळीसारखे कोणतेही लक्षण दिसत नाही, आणि लक्षण दिसले तरी त्याआधी काही महिन्यांपूर्वी प्रॅक्टिकलमध्ये टोचलेल्या बोटाशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. भारतात या आजाराचे सुमारे 3 कोटी रुग्ण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे लोकसंख्येत साधारण पन्नासांत एक. मुलांना लहानपणी लस दिलेली असते, असा प्रतिप्रश्न येईल. परंतु ही लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर पोहोचली ती 2011 मध्ये, आणि आज प्रथम वर्षाला बसणारी बहुतेक मुले त्याआधी जन्मलेली आहेत. महाविद्यालयात आल्यावर लस सुरू केली तर तिसरा डोस सहाव्या महिन्यात येतो, तोवर रक्ताची बरीच प्रॅक्टिकल्स होऊन गेलेली असतात.

दुसऱ्याचे लॅन्सेट टोचले तर गप्प बसावे, हा सल्ला त्याहून घातक आहे. अशा वेळी जखम दाबत बसू नये, साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि शिक्षकांना तत्क्षणी सांगावे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. वापरलेले लॅन्सेट 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते आणि रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत जातो. बेसिनच्या कडेवर ठेवलेले लॅन्सेट सफाई करणाऱ्या मावशींच्या हातात घुसते, याचा विचार संदेशात कोठेही नाही.

फॉर्मॅलिनच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करते. साधा मास्क लावून फारसे काही साधत नाही, कारण फॉर्मॅलिनमधून निघणारे फॉर्मॅल्डिहाइड हा वायू आहे आणि तो कापडातून किंवा सर्जिकल मास्कमधून सहज आत येतो. परंतु त्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकले. आठवड्यातून काही तास हॉलमध्ये उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण हॉलमध्ये चालू स्थितीतील एक्झॉस्ट पंखे असणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे आणि पालकांनी संदेश पुढे ढकलण्याऐवजी त्याची विचारणा करावी. विद्यार्थ्याच्या हातात आहे ते एवढेच: हातमोजे घालणे, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा वापरणे आणि हॉलमध्ये काहीही न खाणे. नाकाला वासाची सवय होते, म्हणून वास येईनासा झाला याचा अर्थ वायू नाहीसा झाला असा घेऊ नये.

बेडकांबद्दल एका वाक्याहून अधिक लिहिण्याची गरज नाही: एमबीबीएसच्या फिजिओलॉजीत ते प्रयोग आता संगणकावर दाखवले जातात.

मोबाइलबंदीचे कारण मात्र समजून घ्यायला हवे. टेबलावरील देह दोन वाटांनी आलेला असतो. एक म्हणजे ज्याने जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरला तो. त्याच्या घरच्यांना त्या देहाचे छायाचित्र कोणाच्या स्टेटसवर दिसणे हा विश्वासघात आहे. दुसरा म्हणजे 1949 च्या शरीररचना कायद्याखाली महाविद्यालयाकडे आलेला बेवारस देह. त्या माणसाला कोणी काही विचारलेलेच नव्हते, त्यामुळे त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी अधिकच वाढते. म्हणूनच अभ्यासक्रमातील नीतिविषयक भागात ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

हजेरीचा नियम, थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के, हा प्राध्यापकांच्या लहरीवर नसून राष्ट्रीय नियमावलीतून आलेला आहे. ॲप उजळणीसाठी उत्तम आहे. पण ॲपमधला देह पाठ्यपुस्तकाबरहुकूम घडवलेला असतो. प्रत्यक्षात काही जणांच्या मनगटाशी पाल्मारिस लाँगस हा स्नायू नसतोच, तर काहींच्या यकृताची उजवी धमनी भलत्याच ठिकाणाहून निघते, आणि हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याला पहिल्यांदा जिवंत रुग्णात दिसू नये.

राहिले जर्नल. सीनियरच्या जर्नलमधून आकृत्या आणि आकडे उतरवून सबमिशनच्या आदल्या रात्री ते पुरे करण्याची प्रथा आहे, हे खोटे नाही, आणि न वाचता सही करणारे शिक्षक त्याला तितकेच कारणीभूत आहेत. त्यावर उपाय म्हणजे त्या दिवशीच्या नोंदीवर त्याच दिवशी, टेबलाशीच सही घेणे, आणि जे विभाग असे करतात तेथे दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनचा आकडा आपल्या नावावर लिहायला वेळच उरत नाही.