‘काहीतरी करा’ म्हटलं की ते काहीतरीच करतात

नाशिकच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर उन्हाळा लागला की एक वाद ठरलेला. कुणाचा तरी एसी नाहीतर फ्रिज बंद पडतो, कंपनीचा माणूस येऊन थातुरमातुर करून जातो, आणि मग ग्रुपवर निकाल लागतो: "आपल्याकडे ग्राहकाला कुत्रं विचारत नाही. तुमचं तिकडे बरं आहे बाई." शेवटचं वाक्य माझ्यासाठी. मी इंग्लंडात लीड्सला राहते.

आमचं बरं आहे, हे अर्धंच खरं. कायद्यापुरतं बोलायचं तर काही बाबतींत नाशिककर माझ्यापेक्षा फायद्यात आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात आता तक्रार दाखल करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, तिला नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगासमोर उत्तर द्यावं लागतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मनस्तापाची भरपाई मागता येते आणि आयोग ती देतोही. इकडे मला छोट्या दाव्यालासुद्धा आधी कोर्टाची फी भरावी लागते, निकालाला वर्ष सहज जातं, आणि बिघडलेल्या वॉशिंग मशीनपायी झालेल्या मनस्तापाचे पैसे सहसा मिळत नाहीत. कंपन्यांचं म्हणाल तर फोनवर अर्धा तास संगीत ऐकवून शेवटी "तुम्हाला तसं वाटलं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत" असं गोड नकारघंटा वाजवणारं उत्तर देण्यात इथल्यांचा हात कुणी धरणार नाही.

फरक आहे तो ग्राहकाच्या सवयीत. इथला माणूस काउंटरवर फारसा आवाज चढवत नाही, घरी जाऊन ईमेल लिहितो. तो सज्जन असतो म्हणून नव्हे. ट्रॅफिकमध्ये ऐका त्याला. पण बँक, वीज किंवा गॅस कंपनीला तक्रार निवारायला आठ आठवडे असतात आणि त्यानंतर प्रकरण लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, नेता येतं, हे त्याला माहीत असतं. तिथे तोंडी भांडण दाखवता येत नाही, पत्र दाखवता येतं. भारतातही अशा मुदती आहेतच. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा २०२०चा नियम आहे. या मुदती मोजायच्या तर घड्याळ सुरू कधी झालं ते कागदावर हवं.

यंदा इंदिरानगरच्या आमच्या मामांचा फ्रिज गेला. जेमतेम दोन वर्षांचा, कंप्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी. मामांनी कंपनीला पाठवलेला मजकूर मला कौतुकाने दाखवला: "तुमच्यासारखी फालतू कंपनी बघितली नाही. नुसती लूट चालवली आहे. सगळ्या नाशिकला सांगणार. ताबडतोब काहीतरी करा." कंपनीने ताबडतोब काहीतरी केलं. तोच तंत्रज्ञ पुन्हा पाठवला, त्याने तोच गॅस पुन्हा भरला, आणि कंपनीच्या दृष्टीने तक्रार मिटली. मागितलं होतं ते दिलं!

मग आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून दुसरं पत्र लिहिलं. शिव्या काढल्या की पत्रात उरतं काय, हे मामांना आधी पटेना. उरलं ते असं: "बिल क्रमांक आणि तारीख सोबतच्या प्रतीप्रमाणे. ३ एप्रिलला गॅस भरून २,४०० रुपये घेतले. १९ एप्रिलला पुन्हा थंड होईना, पुन्हा गॅस भरला. २ मे रोजी तंत्रज्ञाने जॉबशीटवर कंप्रेसर सदोष असल्याचं लिहिलं. फोटो जोडला आहे. मागणी: कंप्रेसर वॉरंटीत बदलून द्यावा, त्यासाठी गॅस व मजुरी आकारू नये, आधीचे २,४०० रुपये परत करावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन." ईमेल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, प्रत दुकानदाराला. दुकानदाराला मुद्दाम, कारण तो "कंपनीला फोन करा" म्हणतो आणि कंपनी "सर्व्हिस सेंटरला विचारा" म्हणते. दोघांची नावं एका कागदावर आली की चेंडू टोलवणं जरा अवघड जातं. मजुरीचं वाक्यही मुद्दाम. दहा वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा नुसत्या सुट्या भागाची असते. गॅस आणि मजुरी लावून त्या भागाचे पैसे वसूल केले जातात.

जॉबशीटचा फोटो मामांनी काढून ठेवला होता, हे नशीब. नाहीतर तंत्रज्ञ दारातच म्हणतो, "काका, मोबाइलवर कोड आलाय तो सांगा, मला पुढच्या कॉलला जायचंय." त्याला हॅपी कोड म्हणतात. तो सांगितला की ग्राहक खूश होऊन तक्रार बंद झाली, अशी नोंद होते, फ्रिज गार होवो न होवो. त्या पोराचा दोष नाही, त्याचे कॉल मोजले जातात. पण कोड काम झाल्यावर, तपासून मगच द्यावा.

आणि पक्कं बिल. मेन रोडला घ्या नाहीतर कॉलेज रोडला, "बिल नको असेल तर थोडं कमी करतो" म्हटलं की आपण खूश. पुढे खरेदी कुठे, कधी, कितीला केली हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

ग्रुपवरच्या तरुण मंडळींचं म्हणणं वेगळं: "आत्या, पत्रं कसली लिहिता, कंपनीला टॅग करा, तासाभरात फोन येतो." येतो, खरं आहे. मात्र तो आधी पोस्ट काढायला सांगायला येतो, आणि ज्याच्या मागे चार हजार लोक आहेत त्याला लवकर येतो. सिडकोतल्या पेन्शनर आजोबांना कोण विचारणार? ओळख काढण्याचंही तेच. साडूचा मित्र कंपनीत असला की आपलं काम होतं, शेजाऱ्याचा फ्रिज तसाच राहतो. त्यापेक्षा १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन बरी. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते. पण नोंद क्रमांक मिळतो आणि मराठीत बोलता येतं.

आयोगाबद्दल मात्र मी ग्रुपशी भांडणार नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. देशभर आयोगांतल्या जागा रिकाम्या म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कायदा सुरेख करून खुर्ची रिकामी ठेवायची, ही आपली खास खोड. म्हणूनच पहिलं पत्र असं असावं की वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माणूस खरंच आयोगात जाईल आणि तिथे याची फाइल तयार असेल.

मामांना कंप्रेसर बदलून मिळाला, मजुरीही घेतली नाही. २,४०० रुपये परत द्यायला कंपनी तयार नाही. आता ग्रुपवर नवा वाद आहे: एवढ्याशा पैशांसाठी कोण जाणार आयोगात? मामी म्हणतात, सोडा. मी म्हणते, जा. मुदत दोन वर्षांची आहे, फी शून्य, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, आणि कागद सगळे हाताशी आहेत. मामांनी अर्ज भरायला घेतलाय. त्यात "लूट" हा शब्द मात्र त्यांना परत हवा आहे.