नोत्र-दाम जाळलं गेलं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी आग लागली. तेव्हापासून एक मजकूर मोबाइलवर फिरतोच आहे: आठशे वर्षं वाळलेला जाडजूड ओक सिगारेटने किंवा शॉर्ट सर्किटने पेटूच शकत नाही, म्हणजे आग कुणीतरी लावली, छतावर एक माणूस दिसलासुद्धा, आणि फ्रेंच सरकारने सगळं दाबलं. आपण ज्यांना वाचणारी माणसं समजतो तेही हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ओक. जाड तुळईला काडी लावली तर ती पेटत नाही, इतकं खरं. पण आग तुळईपासून सुरू व्हावी लागत नाही. शिशाच्या पत्र्यांखाली पातळ फळ्या असतात, बंद माळ्यावर शतकांची धूळ असते. तिथे ठिणगी धुमसत राहू शकते. पुढचं गणित चूल पेटवणाऱ्या कुणालाही कळेल: एकटा ओंडका विझतो, चार ओंडके जवळजवळ ठेवले की एकमेकांना पेटवतात. नोत्र-दामच्या छतात तुळया इतक्या दाटीने होत्या की फ्रेंच लोक त्या माळ्याला ‘अरण्य’ म्हणत. वर शिशाचं छप्पर, उष्णता बाहेर जायला वाट नाही. आणि जुनं जाड लाकूड जळत नाही असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. शनिवारवाड्याचं सागवान 1828 च्या आगीत गेलं. दगडी तट आणि जोती तेवढी उरली.

त्यात वेळही गेला. पहिला गजर 6.20 च्या सुमारास झाला, पण पाहायला गेलेला रखवालदार भलत्याच माळ्यावर पोचला. यंत्रणा अग्निशमन दलाला आपोआप कळवणारी नव्हती. खरी जागा सापडेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला होता. आठच्या आत छताच्या मध्यावरचा टोकदार मनोरा कोसळला. चिडायचंच असेल तर या अर्ध्या तासावर चिडा.

छतावरचा ‘तो माणूस’ अग्निशमन दलाचा जवान होता. यावर आणखी शब्द खर्च करण्यासारखं काही नाही.

मनोऱ्याभोवती दुरुस्तीसाठी परांची बांधलेली होती, हे मात्र त्या मजकुरात कधीच नसतं. खरा धागा तिथे आहे. फ्रान्समधल्याच शार्त्र शहरातल्या कॅथेड्रलचं छत 1836 मध्ये आगीत गेलं, तेव्हा वर शिशाच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. फ्रान्सच्याच नांत शहरातल्या कॅथेड्रलचं 1972 मध्ये, कामगाराच्या ब्लोटॉर्चमुळे, म्हणजे ज्योत फेकणाऱ्या हत्यारामुळे. कोपनहेगनचा जुना शेअर बाजार 2024 मध्ये पेटला तोही नूतनीकरण चालू असताना. जुन्या इमारतीला सर्वांत मोठा धोका अनेकदा तिला वाचवायला निघालेल्या कामातूनच येतो. प्रत्येक आगीमागे शत्रू शोधला की त्या कामाच्या शिस्तीबद्दल कुणी विचारतच नाही, आणि मला राग येतो तो याचाच.

आता ‘दाबलं’ याविषयी. जून 2019 मध्ये पॅरिसच्या सरकारी वकिलांनी जाहीरपणे सांगितलं, की घातपाताचा पुरावा मिळालेला नाही. नीट न विझवलेली सिगारेट किंवा विजेचा बिघाड या शक्यता तपासायच्या आहेत. परांचीवर काही कामगार सिगारेट ओढत असत, हे कंत्राटदाराच्या बाजूनेही मान्य झालं होतं. त्यानंतर तपास न्यायाधीशांकडे गेला.

चर्चला मुद्दाम आग लावली जातच नाही, असं मी म्हणत नाही. नांतच्या त्याच कॅथेड्रलमध्ये जुलै 2020 मध्ये एका स्वयंसेवकाने आग लावली आणि तिथला मोठा ऑर्गन जळून गेला. फ्रान्सने ते लपवलं नाही: काही दिवसांत कबुली मिळाली, 2023 मध्ये शिक्षा झाली. छत मात्र त्या वेळी वाचलं, कारण 1972 नंतर तिथे लाकडाऐवजी काँक्रीटचा सांगाडा बसवला होता.