डिफेंडर बंद केला की कॉम्प्युटर पळतो म्हणे!

आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बेळगावातून खानापूरला, तिथून निपाणीला. मला तो तीनदा आला, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाकडून. सार असं: विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस कॉम्प्युटर खातो, पकडत काहीच नाही, तुमच्या फायली मायक्रोसॉफ्टला पाठवतो, आपण जपून वागलो तर त्याची गरजच नाही, तेव्हा कायमचा बंद करा. खाली बंद करायच्या टूलची लिंक. मी शहापुरात डीटीपी आणि रिपेरीचं काम करतो, त्यामुळे लोक थेट दुकानात येतात. "अण्णा, पीसी लई स्लो होऊलालाय, ते बंद करून दे की." प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहितो.

स्लो होतो, हे खोटं नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' सगळ्यात वर दिसतं. पण ते कधी दिसतं? गावाकडच्या घरात कॉम्प्युटर पंधरा-पंधरा दिवस झाकलेला असतो. पोरगा पुण्याहून आला की बटण दाबतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात विंडोज आपले अपडेट ओढतं, डिफेंडर व्हायरसांची नवी यादी उतरवतो, चुकलेलं स्कॅन भरून काढतो, आणि हा सगळा भार जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर नि चार जीबी रॅमवर. एरवी ठरलेलं स्कॅन कॉम्प्युटर रिकामा असतानाच चालतं. माझ्याकडे आलेल्या असल्या बहुतेक पेट्यांना एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि तक्रार संपली. डिफेंडरला हात लावला नाही.

'पकडत काहीच नाही' हे मत एके काळी बरोबर होतं. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्राम, बघायचा. तो पुरता अँटिव्हायरस झाला २०१२ साली, विंडोज ८ मध्ये, आणि त्यानंतरही काही वर्षं चाचण्यांत मागेच रेंगाळत होता. आता एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेच्या चाचण्यांत तो वारंवार पैकीच्या पैकी गुण घेतो. मेसेज लिहिणाऱ्याने मत व्हिस्टाच्या वेळी बनवलं असावं, नंतर तपासलं नाही.

फायली पाठवण्याचं म्हणाल तर संशयित फायलींचे नमुने जातात, हे खरं. खासगी मजकूर असेल असं वाटणारी फाइल पाठवण्याआधी तो विचारतो. तेही नको असेल तर नमुने पाठवण्याचं बटण वेगळं आहे; तेवढंच बंद करा. आणि दुसरा कुठला अँटिव्हायरस विकत घेऊन टाकला असेल, तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो.

'आपण जपून वागतो.' तुम्ही वागता हो, पण तुमचा पेन ड्राइव्ह? पहाणीचा उतारा नाहीतर पोराचा बायोडेटा छापायला तो झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथल्या मशीनला दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह लागतात. घरी येताना तो शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो: खरं फोल्डर लपवलेलं, त्याच नावाचा शॉर्टकट पुढे. क्लिक केलं की फोल्डर उघडतंही, त्यामुळे शंका येत नाही. मागे व्हायरस चालू झालेला असतो. यात तुम्ही कुठे बेफिकीर वागलात?

आता मेसेजमधलं सगळ्यात लोकप्रिय वाक्य: 'क्रॅक टाकताना अँटिव्हायरस उगाच ओरडतो.' क्रॅक म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालवायची चोरवाट. आमच्या धंद्यात तो नवीन नाही, मी सोवळ्यात बसलेलो नाही. आणि डिफेंडर कधीकधी नुसतं 'हॅकटूल' म्हणून ओरडतो, आत दुसरं काही नसतंही. पण कुठल्या क्रॅकमध्ये काय आहे हे तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. विष कालवणाऱ्याला 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना आयतीच मिळते, कारण लोक ती मुकाट्याने पाळतात.

खानापूरकडच्या एका फोटोग्राफरने ऐन लग्नसराईत अल्बमच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक असाच टाकला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोटोच्या नावाला चार अक्षरांचं विचित्र शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत दिले तर ४९०. हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात त्या कुळातला रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस; क्रॅकमधून पसरण्यासाठीच तो कुप्रसिद्ध आहे. त्याने कुलूप लावलेल्या काही फायली फुकटच्या टूलने उघडतात, या फोटोग्राफरच्या नाही उघडल्या. दोन लग्नांच्या फोटोंची कॉपी त्याने माझ्याकडे प्रिंटला दिली होती, तेवढी वाचली. बाकीच्या लग्नघरी जाऊन तो काय म्हणाला, मी विचारलं नाही. (इंजिनिअरिंगच्या पोरांनो, ऑटोकॅड विद्यार्थ्यांना अधिकृतपणे फुकट मिळतं. त्याचा क्रॅक मागायला माझ्याकडे येऊ नका.)

'पाच वर्षं बंद ठेवलाय, काही झालं नाही.' झालं नाही की दिसलं नाही? लुमा नावाचा पासवर्डचोर पडद्यावर काहीच दाखवत नाही. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेतो. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टला जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित झालेले आढळले. त्यातल्या कितीजणांना वाटत असेल, काही झालं नाही?

राहिली ती लिंक. सेटिंगमधून डिफेंडर बंद केला तर थोड्या वेळाने तो स्वतःच चालू होतो. पूर्वी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद घालून कायमचा बंद करता यायचा. २०२० पासून घरगुती विंडोजमध्ये ती नोंद जुमानली जात नाही. म्हणून हे टूल. म्हणजे कुणी बनवलंय माहीत नसलेला प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालवायचा, आणि त्याचं पहिलं काम राखणदाराला घालवणं!

ज्यांनी ते टूल किंवा कुठलाही क्रॅक आधीच चालवलाय, त्यांनी आज एवढं करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज', आणि अगदी खाली 'एक्सक्लूजन्स'. तपासणीतून सूट दिलेल्या जागांची ती यादी असते. गेल्या महिन्यात टिळकवाडीच्या एका काकांचा पीसी आला होता. ढालीवर हिरवी खूण, सगळं ठणठणीत. यादी उघडली तर एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. काकांनी ती घातलेली नव्हती.