वास्तू, बोनसाय आणि आमचे चेअरमन

पॅसेजच्या खिडकीतलं माझं बोनसाय परवा कुणीतरी उचलून जिन्याखाली, मोडक्या सायकलींच्या मागे नेऊन ठेवलं. कुणीतरी म्हणजे कोण ते शोधावं लागलं नाही, आमचे चेअरमन काका स्वतःच सांगायला आले, वर हसत.

आता ते पॅसेजमध्ये का, तर नाशिकच्या गंगापूर रोडला फ्लॅट घेताना पूर्वेची गॅलरी म्हणून बिल्डरने जादा पैसे उकळले आणि आता समोर टॉवर उभा राहिलाय, ऊन येतं ते फक्त त्या खिडकीत, अकरापर्यंत. झाड फायकसचं. त्याला रोज चार-पाच तास ऊन आणि मोकळी हवा पाहिजे, टीव्हीशेजारी ठेवायचा शोपीस नाही तो. ट्रे उथळ, माती मूठभर, एप्रिलात पारा 40 कडे सरकला की सकाळचं पाणी दुपारी गायब. आणि जागा बदलली की हे झाड रुसून पानं गाळतं. गाळलीच.

"बघ, पानं गळायला लागली. अशुभ," काका म्हणाले.

"काका, तुम्ही अंधारात ठेवलं म्हणून गळाली."

"खुंटलेलं झाड दारात असलं की प्रगती खुंटते. आमच्या मेहुण्याने ठेवलं होतं, पोराचं प्रमोशन अडकलं."

"तो तर पुण्याला असतो ना?"

"हो. पण बोनसाय सिडकोत होतं ना."

यावर काय बोलणार. तरी बोललो. म्हटलं, तिकडे निफाड-पिंपळगावला द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कात्री लावतात, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यांची काय प्रगती खुंटली का? काका शांतपणे म्हणाले, "द्राक्ष खाता येतं. हे खाऊन दाखव."

मग त्यांनी मोबाईलमधला कंपास काढला. खिडकीच्या लोखंडी ग्रिलजवळ धरला की उत्तर लिफ्टकडे, दोन पावलं मागे आले की उत्तर जोशी काकूंच्या दारात. काकांनी मोबाईल हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवला, मांडीवर आपटला, शेवटी मलाच विचारलं, "सोमेश्वरचं देऊळ कुठल्या बाजूला रे?" मी हात केला. "मग हा नैऋत्य. इथे नकोच."

बरं, पॅसेज कॉमन आहे, नको तर नको, तसं सरळ सांगा ना राव! याच पॅसेजमध्ये यांचा चपलांचा स्टॅंड आणि नातवाची फुटकी बॅडमिंटन रॅकेट वर्षानुवर्षं सुखात आहे, त्यांना दिशा लागत नाही. मेंटेनन्स आम्हीही भरतो. आणि ऊन हवंय तर टेरेसवर भरपूर आहे, पण टेरेसला कुलूप, चावी चेअरमनकडे, मागितली की "पाणी गळतं, लोक वर जातात" वगैरे.

या वेळी मात्र काका एकदम उदार झाले. "घे चावी. टेरेसवर ठेव खुशाल. फक्त पूर्वेला नको."

"का? पूर्वेला तर सकाळचं कोवळं ऊन, दुपारी टाकीची सावली. एकदम बेस्ट जागा. वास्तूत पूर्वसुद्धा वाईट?"

"वास्तूचं नाही रे. तिथे तुझ्या काकूंच्या, म्हणजे आमच्या हिच्या, कुरडया वाळत असतात."