भर उन्हात लाइट गेली

सोलर बसवलेलं माणूस ओळखायची सोपी खूण आहे. ते बोलताना तुमच्याकडे बघत नाही, आभाळाकडे बघतं. मध्येच "आला वाटतं मेला" असं पुटपुटतं. पाहुणा नव्हे, ढग आलेला असतो. मी त्या जमातीत गेल्यापासून आमच्या घरातल्या बोलण्याचं वळणच बदललं. पूर्वी मी मुलाला "अभ्यास किती झाला?" विचारायचे. आता तोच मला "आई, आज युनिट किती झाले?" विचारतो आणि अभ्यासाचा विषय टळतो. त्याच्या दृष्टीने सौरऊर्जेचा हा सर्वांत मोठा फायदा.

छतावर पॅनेलं चढली त्याच संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, की आता वीज कंपनीला रामराम. आपण कोणाच्या मिंधे नाही. सासूबाई "बरं झालं" म्हणाल्या. नवरा काहीच बोलला नाही, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेले होते आणि तो अजून त्या धक्क्यात होता.

त्यानंतर पहिल्यांदा लाइट गेली ती ऐन दुपारी. गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवलं तर चटका बसेल असं ऊन. पंखा फिरत फिरत थांबला. मी ऐटीत बसून राहिले. "थांबा हं आई, आता आपली येईल." पंखा ढिम्म. खिडकीतून पाहिलं तर समोरच्यांचा बंद, शेजारच्या काकांचा बंद, आणि पूर्ण बरोबरीने आमचाही बंद. सासूबाईंनी कपाटावरचा पुठ्ठा काढला, वारा घ्यायला सुरुवात केली आणि अगदी शांतपणे विचारलं, "सूर्य आपला, छत आपलं, पॅनेल आपलं. मग लाइट कोणाची गेली?"

याचं उत्तर सोलर बसवणाऱ्या मुलाने फोनवर दिलं. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिम एकदम बरोबर चालतीये." म्हणजे बंद पडणं हेच तिचं बरोबर चालणं. कारण असं, की लाइट गेली म्हणजे कुठेतरी एखादा लाइनमन खांबावर चढलेला असू शकतो. तारेत वीज नाही असं समजून त्याने हात घातला आणि नेमकी तेव्हाच आमच्या छतावरून तिच्यात वीज शिरली, तर तो जिवानिशी जायचा. म्हणून ग्रिड, म्हणजे वीज कंपनीचं तारांचं जाळं, गेलं की इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या डब्याने, दोन सेकंदांच्या आत अंग काढून घ्यायचं, असं मानकच आहे. त्याला अँटी-आयलंडिंग म्हणतात.

दुसरं कारण जरा मानहानीचं आहे. आमच्या इन्व्हर्टरला स्वतःचा सूरच नाही. ग्रिडमधली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, काही देशांत ६०. हा त्या लयीशी लय जुळवून आपली वीज आत सोडतो. तंबोरा वाजतोय तोवर गाणारा गवई. तंबोरा थांबला की शाल सावरून घरी. ज्या ग्रिडला मी रामराम ठोकला होता, त्याच्याशिवाय आमच्या घरच्या सूर्याला तोंड उघडता येत नव्हतं.

सासूबाईंना लाइनमनचं पटलं. "पण मग त्या विजेला घरातच ठेवा ना," त्या म्हणाल्या. "खांबावर पाठवता कशाला?"

मी हसले. पण नंतर वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न विचारून त्या थेट हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरीपर्यंत पोचल्या होत्या. तो करतो ते नेमकं हेच: ग्रिड गेलं की बाहेरची तार तोडतो, बॅटरीच्या जोरावर स्वतः ५० आवर्तनांचा सूर लावतो आणि पॅनेलांना त्यात गायला लावतो. पण बॅटरी म्हणजे पुन्हा नवऱ्याचं खातं. म्हणून तो विषय काही काळ बाजूला पडला.

मध्यंतरी मला मोठा आधार मिळाला तो युरोपातून. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालचं ग्रिड दुपारी साडेबाराच्या सुमारास कोसळलं. सौरवीज भरात असतानाची वेळ. आणि ज्यांच्या छतावर पॅनेलं होती पण बॅकअप नव्हता, अशी घरंही शेजाऱ्यांबरोबर मुकाट्याने बंद पडली. ही बातमी मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्याच्या अंधाराने आनंद होऊ नये हे मला कळतं. पण आपल्याला झालेला रोग अख्ख्या देशाला होऊन गेलाय, हे कळल्यावर जरा बरं वाटतंच.

शेजारच्या काकांचा मात्र एक गैरसमज काही केल्या जात नाही. उन्हाचा पारा चढला की ते कुंपणावरून ओरडतात, "चैन आहे बुवा तुमची! आज तर मीटर उलटं पळत असेल!" त्यांना कसं सांगू, की पॅनेलातल्या सिलिकॉनला उजेड आवडतो, उकाडा नाही. पॅनेलवर छापलेले वॅट हे त्या सिलिकॉनच्या तुकड्यांचं, म्हणजे सेलचं, तापमान २५ अंश असतानाचे असतात. कडक उन्हात तोच सेल ६०-६५ अंशांवर जातो आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घालवून बसतो. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त तापलेलं असताना आमचं छत बारा-पंधरा टक्के अंग चोरून काम करतं. खरी कमाई होते ती गार, स्वच्छ, वारा सुटलेल्या दिवशी. तेव्हा काका स्वेटर घालून आत बसलेले असतात आणि त्यांना माझा हेवा वाटत नाही.

त्यात आमच्या पाण्याच्या टाकीची सावली. सकाळी ती एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते, तळहाताएवढी. मला वाटलं, तेवढ्याने काय बिघडतं? पण पॅनेलातले सेल एकामागोमाग एक, माळेत जोडलेले असतात. एक सेल सावलीत बसला की तो स्वतः वीज बनवत नाहीच, वर बाकीच्यांचीही वाट अडवतो. मग बायपास डायोड नावाचा मध्यस्थ ती ओळच्या ओळ वगळून वीज पुढे नेतो आणि पॅनेलचा जवळपास एक तृतीयांश भाग सुट्टीवर जातो. प्रत्येक ऑफिसात असा एक सेल असतो असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मी जास्त खोलात गेले नाही. कबुतरांचा विषयही मी इथे काढणार नाही. पॅनेलं गार असताना, म्हणजे पहाटे, मी छतावर लांब दांड्याचा मॉप घेऊन का उभी असते, एवढं लोकांनी आपापलं समजून घ्यावं.

अखेर बॅटरी आली. तिच्या आगमनासाठी मी इतिहासाचीही तयारी केली होती. प्रकाशाने वीज निर्माण होते हे एडमंड बेकरेलने १८३९ मध्ये वडिलांच्या प्रयोगशाळेत पाहिलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता (हे वाक्य मुलाकडे बघून म्हटलं, उपयोग शून्य). शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांटेने १८५९ मध्ये केली. वापरण्याजोगा सिलिकॉनचा सौर सेल बेल लॅब्सने १९५४ मध्ये दाखवला. तो अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम सहा टक्के विजेत उतरवायचा. आपल्या छतावरची पॅनेलं वीस टक्क्यांच्या पुढे जातात. आणि लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. सासूबाईंनी एवढ्या सगळ्या भाषणातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. "सत्त्याण्णव ना? मग मला अजून वेळ आहे."

बॅटरी ५ युनिटची. हायब्रीड इन्व्हर्टर ३ किलोवॉटचा. हे दोन आकडे वेगवेगळे का, हे घरच्यांना समजावण्यात माझा जेवढा घसा बसला तेवढ्यात दोन पंखे चालले असते. युनिट म्हणजे साठा किती. किलोवॉट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. बॅटरी तुडुंब असली तरी ३ किलोवॉटच्या वर मागाल तर इन्व्हर्टर हात जोडणार. सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला वीज लागत नाही.

मग बॅकअपवर कुठले पॉइंट घ्यायचे याची बैठक बसली. आमच्या लग्नाची बोलणीसुद्धा इतकी ताणली गेली नव्हती. मी म्हटलं, गिझर नाही, एसी नाही. नवरा म्हणाला, "मग ही बॅटरी आहे कशाला? बघायला?" मी हिशेब मांडला: गिझर २ किलोवॉट, म्हणजे अडीच तासांत बॅटरी कोरडी. तेच नवीन पद्धतीचे पंखे तीस-पस्तीस वॅटचे. पाच पंखे रात्रभर फिरले तरी दोन युनिटही जाणार नाहीत. सासूबाईंनी त्यांच्या खोलीतला पंखा, ट्यूब आणि "ती कोपऱ्यातली छोटी" एवढं मागितलं आणि मिळवलं. फ्रिज बिनविरोध निवडून आला. मुलाने राउटरसाठी असा काही युक्तिवाद केला, की तोपर्यंत त्याला इतकं सलग बोलता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रिशियनने नवा बोर्ड बसवला, एकेका स्विचखाली पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने नावं लिहिली: फ्रिज, हॉल, किचन प्लग, राउटर, आणि शेवटी जागा कमी पडल्याने नुसतंच "आजी".

लाइट जाण्याची इतकी आतुरतेने वाट आम्ही कधी पाहिली नव्हती. गेली एकदाची, पुन्हा भर दुपारीच. जिन्याखालच्या इन्व्हर्टरमधून "टक्" असा आवाज आला, ट्यूबने एकदा डोळा मिचकावला आणि पंखा फिरतच राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने तर टाळी दिली.

पण खरी गंमत पुढे. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली, ग्रिड गेलेलं, त्यामुळे जास्तीची वीज बाहेर पाठवायची सोय नाही. अशा वेळी इन्व्हर्टर पॅनेलांना चक्क आवरतं घ्यायला सांगतो. ॲपवर दिसलं: क्षमता तीन किलोवॉटची, निर्मिती तीनशे वॅट. वर एवढं ऊन आणि ते वाया! मला बघवेना. "काहीतरी लावा रे!" मी ओरडले. आख्खी गल्ली पुठ्ठ्याने वारा घेत असताना आमच्या घरात कामांची झुंबड उडाली. मी वॉशिंग मशीन लावलं, गरम पाण्यावर. नवऱ्याने हॉलमध्ये इस्त्री काढली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. मुलाने कुठूनतरी हेअर ड्रायर आणला आणि ओले नसलेले केस वाळवू लागला. मशीनच्या हीटरने जोर धरला, इस्त्री तापली, आणि जिन्याखालून "टी-टी-टी-टी" असा आवाज येऊन सगळं ठप्प. फ्रिजही, आजीही.

वर रणरणतं ऊन, जिन्याखाली शंभर टक्के भरलेली बॅटरी, आणि मध्ये काळोखातले आम्ही. सासूबाईंचा पुठ्ठा हाताशीच होता. त्या म्हणाल्या, "ह्यापेक्षा ती गेलेली बरी होती. निदान आशा नव्हती."

त्या रात्री मी चिडून ग्रिड कायमचं तोडायचा हिशेब मांडला. घराला दिवसाला आठ युनिट लागतात. लागोपाठ चार दिवस आभाळ भरलेलं राहिलं, ढगांतून काही मिळालंच नाही असं धरलं, तर ३२ युनिटचा साठा हवा. म्हणजे असल्या सात बॅटऱ्या. जिन्याखालची जागा संपून त्या बेडरूममध्ये याव्या लागतील, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंत त्या भरल्या की उरलेलं ऊन फुकट. व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह १९५८ मध्ये सौर सेल घेऊन वर गेला आणि ग्रिडवाचून काही वर्षं संदेश पाठवत राहिला, हे खरं. पण त्याला गरम पाण्याचं मशीन लावायचं नव्हतं आणि त्याच्याकडे ढगही नव्हते.

तेव्हा तार राहिली. दिवसा तिच्यात ओतायचं, रात्री तिच्यातून काढायचं. माझ्यासारखे सगळेच दुपारी ओततात आणि दिवेलागणीला एकदम काढायला धावतात, म्हणून ग्रिडवाल्यांची संध्याकाळ कशी जाते हेही मी वाचलंय. त्यांना दिवसभरात पुरवाव्या लागणाऱ्या विजेच्या आलेखाला बदकासारखा आकार येतो आणि त्याच्या उभ्या मानेवर त्यांना रोज चढावं लागतं. वीज कंपनीला दिलेला रामराम मी मनातल्या मनात "पुन्हा भेटू" असा दुरुस्त करून घेतला आहे.

आता सगळं बऱ्यापैकी बसलंय. इस्त्री आणि मशीन एका वेळी नाही, असं बोर्डाखाली लिहून ठेवलंय. परवा लाइट गेली, "टक्" झालं, आणि मी ट्यूबखाली निवांत बसले होते. तेवढ्यात नवऱ्याचा ऑफिसातून फोन.

"अगं, लाइट गेली का? ॲपवर घर ऑफलाइन दाखवतंय."

"गेलीय, पण आपली आहे. राउटरही चालू आहे. इंटरनेटवाल्यांचा कोपऱ्यावरचा डबा बंद पडला असेल. त्याला कुठे बॅटरी आहे?"

"पण इथे निर्मिती शून्य, वापर शून्य दाखवतंय."

"अहो, मी ट्यूबखाली बसून तुमच्याशी बोलतेय. डोक्यावर पंखा फिरतोय."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तरी एकदा खात्री करून घे."