बुडवाबुडवी

मुंबईहून इस्राएलमधल्या अशदोदला परतताना माझ्या दोन बॅगांत माझे स्वतःचे कपडे होते जेमतेम तीन किलो. बाकी सगळा तांबाकाटा. पाच लिटरचा कुकर, पितळी सोऱ्या, झारा, किसणी, पोळपाट-लाटणं, बारा ताटं, सात वाट्यांचा मिसळणाचा डबा आणि बायकोच्या चिठ्ठीत नसलेली, दुकानदाराने गळ्यात मारलेली विजेची किटली. विमानतळावरच्या तपासणीवाल्या मुलीने सोऱ्या तीनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "हे काय?" घाईत मी म्हणालो, "चकली." तिने मला बाजूला उभं केलं.

पण ती तपासणी काहीच नव्हती. खरी तपासणी घरी होती.

आमच्या सूनबाईचं माहेर मोरोक्कन, आणि शनिवारचा शब्बाथ आणि खाण्यापिण्याचं कश्रुत पाळायला एकदम कडक. पेसाखच्या सणाला आठ दिवस राहिले होते. तिने कुकर उचलला, उलटा केला आणि सुरुवात केली. कुठे बनला? भारतात. बनवला कोणी? कारखान्यात. विकला कोणी? तो दुकानदार बोहरी होता की मारवाडी ते आठवेना, पण यहुदी नव्हता एवढं खरं.

बेने इस्राएल, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुदी, माणसाच्या कानावर असे प्रश्न आले की त्याच्या पोटात उगाच कालवतं. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीने आमच्या लोकांच्या लग्नाआधी आई, आजी, पणजी कोण होत्या हे तपासायचं फर्मान काढलं होतं. माझे काका त्यासाठी धरण्याला बसले होते. 1964 मध्ये प्रकरण क्नेसेटपर्यंत, म्हणजे संसदेपर्यंत, गेलं आणि मिटलं. आम्ही सुटलो. आता कुकरच्या पणजीची चौकशी सुरू झाली.

"मिकवेत बुडवून आणा," सूनबाई म्हणाली. "नाहीतर मी इथे पाणीसुद्धा पिणार नाही."

यहुदी नसलेल्याकडून घेतलेलं धातूचं किंवा काचेचं जेवणाचं भांडं वापरण्याआधी मिकवेत, म्हणजे विधीच्या हौदातल्या शुद्ध पाण्यात, पूर्ण बुडवायचं, याला म्हणायचं तेविला. घाणीशी याचा काडीचा संबंध नाही. उलट भांडं आधी लख्ख घासून न्यायचं, मग शुद्ध करायचं. मूळ तोरा या आमच्या धर्मग्रंथातलं, मिद्यानच्या लढाईनंतरचं. मी पुस्तक काढून बघितलं. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं. सहा धातू. "स्टेनलेस स्टीलचं नाव नाही," मी म्हणालो. सूनबाई म्हणाली, काचेचंही नाव नाही, पण काच धातूसारखी वितळवून पुन्हा घडवता येते म्हणून तल्मूद या नियमग्रंथातल्या रब्बींनी तीही बुडवायला लावली. तेव्हा लोखंडाच्या पोराने बोलू नये. लाकूड मात्र सुटलं. अख्ख्या खरेदीत पोळपाट-लाटणं तेवढं जन्मजात पवित्र निघालं.

माझी रेवदंड्याची आजी पेसाखआधी तांब्याची भांडी कल्हईला काढायची आणि कुंभाराकडून नवी मडकी आणायची. सणाचं नावसुद्धा आमच्याकडे अनाशी ढाकाचा सण. अनास नावाच्या आंबट कालवणाचं मडकं आठ दिवस झाकून ठेवायचं. भांडं झाकायचं, बुडवायचं नाही! पण हे घरात बोलायची सोय नव्हती.

आधी स्टिकर. भांड्याला काही चिकटलेलं असेल तर पाणी तिथे पोचत नाही, म्हणून सगळं खरवडून काढायचं. आपल्याकडची ताटं ज्यांनी घेतली आहेत त्यांना मी काय सांगू? ताट झिजेल, आणखी तीन पिढ्यांच्या मुंजी-लग्नांना पुरेल, पण तळाचं स्टिकर सुटणार नाही. वरचा कागद निघतो आणि खालचा गोंद राहतो, राखाडी, चिकट, नखात जाणारा. खोबरेल तेल झालं, लिंबू झालं, केस वाळवायचं यंत्र झालं. सातव्या ताटाला मला शास्त्रात पळवाट सापडली. थोड्याशाच भागाला काही चिकटलेलं असेल आणि मालकाला ते खटकत नसेल, तर चालतं. मी जाहीर केलं, "मला खटकत नाही."

"मला खटकतं," बायको आतून म्हणाली.

मालक कोण, हा प्रश्न आमच्या घरात बेचाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. मी आठवं ताट घेतलं.

समुद्रही चालतो म्हणे, आणि अशदोदला समुद्र हाताशी आहे. पण भूमध्य समुद्राने किसणी परत दिली नाही तर तक्रार कुठे करायची? म्हणून मिकवेच गाठला. माणसांच्या मिकवेच्या मागच्या अंगाला भांड्यांचा वेगळा हौद असतो. पाणी किमान चाळीस सेआ हवं. म्हणजे किती लिटर? एका रब्बींच्या मते सव्वातीनशेच्या वर, दुसऱ्यांच्या मते पावणेसहाशेच्या आसपास. आमच्या बिल्डिंगच्या टाकीबद्दलही रहिवाशांत एवढाच मतभेद आहे. शिवाय पाणी पावसाचं हवं. नळाचं असेल तर हौदाच्या भिंतीतल्या भोकातून त्याला शेजारच्या पावसाच्या पाण्याचा स्पर्श व्हायला हवा. याला हशाका म्हणतात. शब्द चुंबनावरून आलेला. सगळ्या प्रकारात रोमँटिक म्हणावं असं तेवढंच.

रांगेत माझ्यापुढे एक होणारी नवरी आणि तिची आई, अठ्ठेचाळीस काचेचे ग्लास घेऊन. माझी पाळी येईपर्यंत मी त्या लग्नातला जवळचा नातेवाईक झालो होतो.

मदतीला येशिवातला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेतला, एक कोवळ्या दाढीचा पोरगा होता. त्याने शिकवलं. कुकरची शिट्टी काढा, रिंग काढा. हात आधी ओला करा. भांडं धरा, पण आवळू नका, बोटांखालीही पाणी गेलं पाहिजे. उपडं घालू नका, आत हवा कोंडते, तिरकं सोडा. थोडक्यात, भांडं न धरता धरायचं. मी ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हटली, "अल तेविलात केलीम," आणि लागलो कामाला. कुकर गेला. ताटं गेली. सोऱ्याने चकत्यांसकट डुबकी मारली. त्या पोराला सोऱ्या फार आवडला. त्यानेही तीनदा फिरवून पाहिला. मी या वेळी "चकली" म्हणालो नाही.

मग मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या. सहा नीट झाल्या. सातवी मोहरीची. नियमाप्रमाणे बोटं सैल सोडली, तर ती सुळकन खाली. कंबरभर पाणी, तळाशी चमचमणारी वाटी, मागे रांगेत अकरा बायका. झाऱ्याने काढू पाहिली, झारा आखूड. शेवटी त्या पोराने लांब दांड्याची जाळी आणली. माझ्या वाटीबरोबर दोन काटे आणि कोणाची तरी सालकाढणी वर आली. म्हणजे या दुःखात मी एकटा नव्हतो.

"पण ही शुद्ध झाली का?" मी विचारलं. "सहा मी बुडवल्या, ही आपली आपण गेली."

त्याने अंगठा हवेत फिरवला. "पूर्ण बुडाली ना? मग झालं."

मला एकदम बरं वाटलं. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला असेच लागले म्हणतात. जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि पुढे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली झाली. तेही आपले आपणच बुडाले होते, आणि त्या वेळी कोणी ब्राखा म्हटली असेल असं वाटत नाही.

राहिली किटली. तिला पाहून पोरगा दोन पावलं मागे सरला. विजेच्या भांड्याबद्दल तीन मतं. बुडवा आणि बरेच दिवस वाळवा. यहुदी कारागिराकडून खोलून पुन्हा जोडून घ्या. नाहीतर यहुदी नसलेल्याला भेट द्या आणि त्याच्याकडून उसनी घेऊन वापरा. उसन्या भांड्याला तेविला लागत नाही. सूनबाईने रब्बींना फोन केला. तिसरं ठरलं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांची देखभाल करायला केरळची एक बाई आहे. मी किटली घेऊन गेलो. "ही तुला भेट. खरीखुरी." तिने किटली हातात घेतली, आभार मानले आणि दार लावायला लागली.

"थांब, थांब! आता मला ती उसनी दे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. अशा नजरेने ती आजोबांकडे बघते, त्यांनी गोळी घेतली की नाही ते ठरवताना. पण दिली.

पेसाख उत्तम पार पडला. सूनबाई पोटभर जेवली, दोनदा चहा मागितला. सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली.

"अंकल, माझी किटली देता का? मैत्रिणी आल्यात."

मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "द्या. तिचीच आहे."

चार दिवस वाट पाहून मी वर गेलो आणि जमेल तेवढ्या सहजपणे म्हटलं, किटली जरा उसनी मिळेल का?

"उद्या देते," ती म्हणाली. "आणि अंकल, तिच्या तळाला स्टिकर राहिलंय. तेवढं काढून द्या ना, मला ते फार खटकतं."