धूळ, धूळ आणि परत धूळ
काय वैताग आहे राव! समोर बिल्डिंगचं काम चालू, खिडक्या कायम बंद, तरी सिमेंटची ती बारीक पूड बरोब्बर कॉम्प्युटरच्याच पोटात जाऊन बसते. पंखा असा घरघरतो की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावला. साइडचं पॅनल उघडावं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पात्यांमध्ये राखाडी थर गच्च, हवा जाणार कुठून, मग प्रोसेसर ९०-९५ डिग्रीला पोचून स्वतःच स्पीड कमी करतो आणि साधं एक्सेल उघडेना. बरं ब्लोअर मारायचा तर आधी पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर गरागरा फिरून बेअरिंगची वाट, आणि सगळं धूड गॅलरीत न्या, घरात केलं तर तीच धूळ कपाटावर. कीबोर्डचं तर बोलूच नका, बटणं काढली की खाली केस, शेव आणि एक मेलेली मुंगी (शेव मी खात नाही, कोण खातं ते माहितीये). एवढ्यात आई ओलं फडकं घेऊन हजर, "दे, मी पुसते." अगं आई, स्क्रीनवर काचेचा स्प्रे नको मारूस, कोटिंग जातं त्याचं!!